खोलीत झोपणारी माणसे

“कमरे में सोते कितने जण, साईं?”

उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातल्या त्या अरुंद दुकानात लेखराजने हा प्रश्न विचारला, तेव्हा त्याच्या डाव्या हातात चहाचा पेला होता, उजव्या हातात पेन्सिल होती, आणि विचारताना त्याने मानदेखील वर केली नव्हती. छापील तक्त्यातला तो आठवा रकाना होता. त्याआधीच्या सात रकान्यांना चिंतामणरावांनी एखाद्या हुशार विद्यार्थ्याने तोंडी परीक्षा द्यावी तशी तत्परतेने उत्तरे दिली होती. खोली बारा बाय दहा. उंची साडेनऊ फूट. पश्चिमेची भिंत नऊ इंची आणि दुपारी दोनपासून उन्हात. खिडकी एक, तीही पश्चिमेलाच. वर गच्ची नाही, शेजाऱ्यांचे बिऱ्हाड आहे. दिवा एक, पंखा एक. अंबरनाथच्या एका कारखान्यातल्या बॉयलर-हाउसमध्ये एकतीस वर्षे आकड्यांच्या संगतीत काढून नुकतेच निवृत्त झालेले चिंतामणराव त्या आठव्या प्रश्नापाशी मात्र थबकले. बाहेर रस्त्यावर एक हातगाडीवाला कुल्फीची घंटा वाजवीत चालला होता. ती घंटा दूर जाईपर्यंत ते ऐकत राहिले.

“एक की दो? बच्चा-बिच्चा पण सोतो काय?” आता लेखराजने मान वर केली.

“मुलगी पुण्याला असते,” चिंतामणराव म्हणाले. हे खरे होते. पण ते उत्तर नव्हते, आणि ते उत्तर नाही हे त्यांच्याइतके दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हते. लेखराजने पेन्सिल कानावर अडकवली, तक्त्याची घडी घालून ती त्यांच्या खिशात सारली आणि मोठ्या मनाने म्हणाला, “घरी जाऊन भरा ना साहेब. पण बराबर भरा हां. बडा मशीन छोट्या कमऱ्यात लावलात तर दोन मिनटात थंडा करणार, बंद पडणार, परत चालू. वीज तो त्या चालू-बंद मध्येच खातो. आणि छोटा मशीन लावलात तर बिचारा दिवसभर हाफत बसणार. माणसं बराबर, तो मशीन बराबर.”

माणसे बरोबर असली की यंत्र बरोबर. सायकल-रिक्षात बसून अंबरनाथला परतताना ते वाक्य चिंतामणरावांच्या मनात फिरत राहिले. सत्त्याण्णव सालचा मे महिना होता. हवेत रासायनिक कारखान्यांचा तो ओळखीचा आंबूस वास तापून उभा होता. वास्तविक या साऱ्या प्रकरणाचा आरंभ अगदी साधा होता. नीलिमाने पुण्याहून फोनवर हट्ट धरला होता की बाबा, या उन्हाळ्यात एसी घ्याच, आणि मालिनीने, त्यांच्या पत्नीने, पदराने कपाळ टिपत म्हटले होते, “एसी? आपल्याकडे? फ्रिज सुरू झाला की मीटरची ती चकती कशी पळते ते पाहिलंय का तिनं?” मालिनीचे त्या चकतीशी जुने वैर होते. माणूस खोलीतून बाहेर पडला की त्याच्यामागोमाग दिवा विझवीत जाणे हे तिचे व्रतच होते. शेवटी तिने अनुमती दिली ती एका अटीवर. “घ्यायचाच तर कमीत कमी वीज खाणारा घ्या. आणि नीट मोजूनमापून घ्या. जन्म गेलाय तुमचा त्यात.” या शेवटच्या वाक्यात तिरकसपणा होता की अभिमान, हे ठरवण्यात त्यांचा एक दिवस आनंदात गेला होता. मग त्यांनी वहीत उष्णतेचे गणित मांडले. भिंतीतून किती उष्णता येते, काचेतून किती, दिव्याची किती, आणि माणसाची किती. झोपलेल्या माणसाची ऊब एका लहान दिव्याइतकी असते हे त्यांना ठाऊक होते. गणित मोठ्या चमत्कारिक ठिकाणी येऊन थांबले होते. खोलीत एक माणूस धरला, तर बेरीज पाऊण टनाच्या यंत्राच्या मर्यादेच्या किंचित अलीकडे राहत होती. दोन धरली की किंचित पलीकडे जात होती. सारा निर्णय एका माणसाच्या उबेवर येऊन ठेपला होता. घरभरचे दिवे विझवीत हिंडणारी ती बाई स्वतःच एक दिवा होती, आणि गेली बारातेरा वर्षे तो दिवा बाहेरच्या खोलीत तेवत होता.

माई, चिंतामणरावांच्या मातोश्री, चौऱ्याऐंशीच्या चातुर्मासात अर्धांगाने अंथरुणाला खिळल्या. त्यांची खाट बाहेरच्या खोलीत, गॅलरीच्या दारापाशी ठेवली गेली, आणि त्याच रात्रीपासून मालिनीचे अंथरूण त्या खाटेशेजारी जमिनीवर पडू लागले. कुणी कुणाला काही सांगितले नाही. चिंतामणरावांना पाळ्या असत. कधी पहाटे निघायचे, कधी उजाडता परतायचे. त्यांची झोप मोडू नये म्हणून आतली खोली त्यांची झाली, इतके ते सहज घडले. “मालिनी गं,” अशी माईंची क्षीण हाक येई आणि दुसरी हाक येण्यापूर्वी ती उठून बसलेली असे. दहा वर्षे. या दहा वर्षांत आपण किती वेळा उठलो, हा हिशेब चिंतामणरावांनी कधी मांडला नव्हता. उत्तर माहीत असलेले गणित माणूस सहसा मांडीत नाही. चौऱ्याण्णवच्या कार्तिकात माई शांतपणे गेल्या. खाट हलवली, गोमूत्र शिंपडले, तेरावा झाला, पाहुणे पांगले. त्या दिवशी आपले अंथरूण घालून झाल्यावर चिंतामणराव उगाचच एक जुने मासिक चाळीत बसले होते. बाहेर सतरंजी झटकल्याचा आवाज आला, मग ती अंथरल्याचा, मग दिवा विझवल्याचा. आज नाही तर उद्या, असे त्यांना वाटले. उद्या नाही तर परवा, असेही वाटले. परंतु जी गोष्ट न बोलता सुरू झाली ती न बोलता संपेल हा त्यांचा समज चुकीचा ठरला. विचारायचे तर कोणत्या शब्दांत? साठीला आलेल्या माणसाने बायकोला अमुक ठिकाणी झोप म्हणून सांगायचे, या कल्पनेनेच त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम होत. आणि त्याही तळाशी एक भय होते. ती तिथेच राहते याचा अर्थ तिने काहीतरी मनाशी नोंदवून ठेवले असेल, आणि ते विचारले की ती ते वाचून दाखवील. म्हणून ते फक्त एवढेच करीत, की आपल्या खोलीचे दार उघडे ठेवून झोपत. सताड उघडे.

त्यांना मग शिवमंदिर आठवले. लग्न झाले त्या वर्षीचा असाच वैशाख होता. कॅम्पातल्या एका बराकीत पडदा लावून केलेल्या खोलीत दोघे राहत. वरचे पत्रे इतके तापत की मालिनी खिडकीला ओली चादर बांधी आणि ती अर्ध्या तासात कडकडीत वाळे. एका दुपारी तिने जाहीर केले की आता माझ्याने होत नाही, आणि दोघे उन्हातून चालत अंबरनाथच्या जुन्या दगडी देवळात गेले. तिथल्या गाभाऱ्यात पायऱ्या उतरून खाली जावे लागते. एकेक पायरी उतरताना पावलांना गारवा चढत गेला, जणू पाण्यातच उतरत आहोत. खाली अंधार होता, बिल्वपत्रांचा ओला वास होता, आणि पिंडीवरची धार ठिबकत होती. मालिनीने नमस्कार केला, भिंतीच्या गार दगडाला गाल लावला आणि देवाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात म्हणाली, “अहो, इथंच बिऱ्हाड केलं तर?” तो हसू दाबण्याचा प्रयत्न, तो दोघांचा एकमेकांना लागलेला श्वास, वर आल्यावर डोळ्यांवर फुटलेले ऊन. पुढे क्वार्टर्स मिळाली, नीलिमा झाली, हा फ्लॅट झाला, पंखे वाढले. पण तसा गारवा पुन्हा अंगावर आला नाही, असे त्यांना त्या क्षणी सायकल-रिक्षात बसून, शर्ट पाठीला चिकटलेला असताना, अत्यंत स्पष्टपणे जाणवले.

तक्ता दोन दिवस जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीखाली राहिला. आठवा रकाना कोरा. बॉयलर-हाउसमध्ये चिंतामणरावांचा एक नियम प्रसिद्ध होता: डोळ्यांनी न पाहिलेला आकडा लिहायचा नाही; रकाना कोरा राहिला तरी चालेल. एकदा गोमा नावाच्या फायरमनने चार वाजताचा वाफेचा दाब अडीच वाजताच लिहून ठेवला होता. चिंतामणरावांनी त्याला चार वाजेपर्यंत काट्यासमोर उभे केले. चारच्या ठोक्याला काटा बरोबर गोमाने लिहिलेल्या आकड्यावर आला. गोमा दात काढून म्हणाला, “सायेब, या बॉयलरबाईला मी वलखतो. तिच्याकडं बघाया लागत नाय मना.” सारे हसले होते. “ओळखतोस हे खरं,” चिंतामणराव म्हणाले होते, “पण पाहिलं नव्हतंस.” आज टेबलापाशी बसून त्यांना त्या फायरमनचा हेवा वाटला. पंचवीस वर्षे एका लोखंडी भट्टीजवळ उभे राहून त्याने तिचा काटा न पाहता ओळखला. आणि आपण बत्तीस वर्षांच्या संसारानंतर एक रकाना भरू शकत नाही.

तोच गोमा तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीचे माप घ्यायला आला. निवृत्तीनंतर तो पालेगावात नव्या इमारतींची गवंडीकामे करीत असे. फूटपट्टी, दोरी आणि पानाची डबी घेऊन तो खिडकीच्या कट्ट्यावर चढला आणि तिथूनच साऱ्या घराचा कारभार पाहू लागला.

“चौकट कापावी लागंल, सायेब. पण वैनी, एक सांगून ठेवतो. मशीन लागलं का दार बंद ठेवाया पायजे. आमच्याकडं एका शेटनी मशीन बशिवलं न् दार टाकलं उघडं. आख्खा जिना गार झाला! बिल आलं तवा शेट गरम झाला.”

मालिनी चहाची बशी घेऊन दारात उभी होती. ती हसली. “आमचे साहेब दार उघडंच टाकतात, गोमाभाऊ. वारा लागतो त्यांना.”

“मंग आता नाय चालनार. दार बंद म्हंजे बंद.” गोमाने डबीतून पान काढले आणि बाहेरच्या खोलीत भिंतीशी गुंडाळून ठेवलेल्या सतरंजीकडे बोट केले. “तो अंथरून कुनाचा? वैनी, तुमी भाईर झोपता काय? मंग गारवा काय यकट्या सायबांनी खायाचा?”

चिंतामणरावांच्या हातात मापाच्या दोरीचे दुसरे टोक होते. ते त्यांनी घट्ट धरले. आजवर न विचारलेला प्रश्न कट्ट्यावर उकिडव्या बसलेल्या या माणसाने पान चघळत विचारला होता.

“मला आता बाहेरचीच सवय झालीये,” मालिनी म्हणाली, आणि बशी ठेवून आत गेली.

बस्स. आकडा दिसला होता, काटा स्थिर होता. त्या दुपारी चिंतामणरावांनी पेन्सिल न घेता शाईचे पेन घेतले आणि आठव्या रकान्यात लिहिले: एक. लिहिताना त्यांना वाटले होते त्यापेक्षा कमी दुःख झाले आणि त्यामुळेच ते अधिक घाबरले. पाऊण टन पुरेसा होता. वीजही कमी लागणार होती. फक्त त्या यंत्राबरोबर दार बंद होणार होते, आणि एकदा बंद झालेल्या दाराआड आपण गारव्यात निजलेले आहोत, ती बाहेर पदराने वारा घेत आहे, हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. यंत्र नकोच म्हणून टाकावे, असे सहा वेळा मनात आले. पण तसे म्हटले तर कारण सांगावे लागले असते.

शनिवारी मालिनी स्वतःच म्हणाली, “मी येते दुकानात. मला त्या मशीनची चकती बघायचीये.” लेखराजने बढाई मारली होती की दोन्ही यंत्रे मीटर लावून चालवून दाखवीन, तिने ते शब्दशः मनावर घेतले होते. ती निळ्या काठाची इस्त्रीची साडी नेसली, जणू कुणाच्या लग्नालाच निघाली होती. दुकानात पोचल्यावर तिने लेखराजला पंखा बंद करायला लावला, दिवा बंद करायला लावला, आणि भिंतीवरच्या मीटरसमोर स्टूल ओढून मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत बसली. चकतीवरची तांबडी खूण समोरून गेली की ती बोट मिटी. आधी जुन्या पद्धतीच्या यंत्राची फेरी झाली. मग त्याच ताकदीच्या, नव्या रोटरी यंत्राची. लेखराज घाम पुसत उभा होता.

“ये बाई सरकारी इन्स्पेक्टर है क्या, साईं?”

“त्याहून कडक,” चिंतामणराव म्हणाले, आणि कित्येक दिवसांनी त्यांना मनापासून हसू आले. स्टुलावर ताठ बसलेली, ओठ हलवीत फेऱ्या मोजणारी ती पाठमोरी आकृती त्यांना अतिशय प्रिय वाटली.

“हे नवं कमी खातं,” मालिनीने निकाल दिला. “जुनं पाच फेऱ्या मारतं तोवर हे चारच मारतं. हेच द्या.”

“बोला ना, बाई! तोच तर मी बोलतो.” लेखराजने टेबलावर तक्ता उलगडला. “अब साइज. रोटरी में पाऊण टन पण आहे, एक टन पण. साहेबांनी भरलंय. आदमी एक. तो पाऊण टन. खलास.”

“आदमी एक?” मालिनी स्टुलावरून उठली. तिने चष्मा लावला, तक्ता हातात घेतला. “हे काय लिहिलंय?”

“खोलीत झोपणारी माणसं,” चिंतामणराव खालच्या आवाजात म्हणाले.

“ते वाचलं मी. तुम्ही काच धरलीत, भिंत धरलीत, साठचा दिवासुद्धा धरलात. मला नाही धरलंत?”

“तू म्हणालीस सवय झालीये.”

“गोमा कट्ट्यावर बसून पान चघळत विचारत होता! त्याच्यासमोर काय सांगायला हवं होतं मी? येते आत म्हणून?” तिचा आवाज चढला आणि लगेच, लेखराजचे भान येऊन, उतरला. “तुम्ही तरी कधी विचारलंत? माई गेल्यावर सतरंजी घातली तेव्हा वाटलं, आता हाक येईल आतून. आली नाही. म्हटलं, एकट्याची सवय झाली असेल, झोपू द्यावं सुखानं.”

“मी दार उघडं ठेवत होतो,” चिंतामणराव म्हणाले. “रोज.”

“ते…” मालिनीने चष्मा काढला. “ते वाऱ्यासाठी नव्हतं?”

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग तिच्या खांद्यांना आधी कंप आला, आणि नंतर ती हसू लागली. पदर तोंडाशी धरून, गाभाऱ्यातल्या मुलीसारखी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “अहो, अडीच वर्षं मी तुम्हाला सर्दी होईल म्हणून काळजी करतेय!”

लेखराजला यातले निम्मेही कळले नव्हते. पण धंद्यात मुरलेल्या माणसाला योग्य क्षण कळतो. त्याने कानावरची पेन्सिल काढली. “तो मग बाई, दो लिखूं?”

मालिनीच्या अठ्ठावन्न वर्षांच्या चेहऱ्यावर जो रंग चढला तो उन्हाचा नव्हता. “लिहा,” ती म्हणाली. “दोन.”

“मग एक टन लागणार. बिल थोडा जास्ती येणार, हां. पहिलेसे बोलतो.”

“येऊ दे,” मालिनी म्हणाली.

बत्तीस वर्षांत हे दोन शब्द विजेच्या संदर्भात तिच्या तोंडून चिंतामणरावांनी ऐकले नव्हते. त्यांना दुकानातली ती सारी यंत्रे, तो मीटर, तो पेन्सिलवाला सिंधी गृहस्थ, सगळेच एकदम मंगल वाटू लागले.

पुढच्या बुधवारी गोमाने चौकट कापली, यंत्र बसले, फटींत लांबीचा लगदा भरला गेला, आणि जेवणे आटोपल्यावर भर दोन वाजता, पश्चिमेच्या भिंतीवर ऊन येऊन आदळण्याच्या वेळी, ते सुरू झाले. मालिनी पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला आडवी झाली. “पाच मिनटं बघते फक्त, कसं वाटतं ते,” ती म्हणाली, आणि यंत्राची कळ किती अंशांवर ठेवावी यावर काही बोलता बोलता मध्येच थांबली. चिंतामणराव तिच्या शेजारी पडून वाट पाहत राहिले. वाक्य पुरे झाले नाही. थोड्या वेळाने खोली हवी तितकी गार होऊन यंत्र आपोआप शांत झाले, आणि त्या शांततेत त्यांना एक नवा आवाज ऐकू आला. मालिनी घोरत होती. मंद, सावकाश, मूल घोरते तसे. हा आवाज त्यांनी पूर्वी कधी ऐकला नव्हता. जी बाई दहा वर्षे कान उघडे ठेवून निजली, पहिल्या हाकेला उठून बसली, आणि हाक मारणारे माणूस गेल्यावरही ज्या जागी निजण्याची सवय झाली तिथेच अर्ध्या कानाने निजत राहिली, ती आज झोपेच्या तळाशी पोचली होती. त्यांच्या डाव्या हातावर तिचे डोके किंचित कलले होते. हाताला मुंग्या आल्या. त्यांनी तो हलवला नाही. यंत्र पुन्हा सुरू झाले, पुन्हा थांबले. प्रत्येक वेळी त्या थांबण्यात तिचा श्वास ऐकू येई. वहीतल्या गणितात झोपलेल्या माणसाची उष्णता त्यांनी लिहिली होती, पण ती ऊब खांद्यापाशी नेमकी कशी लागते हे कुठल्याच रकान्यात मावले नसते. खिडकीबाहेर ऊन पेटले होते. चार वाजले, चहाची वेळ आली आणि गेली. पावणेपाचला दूधवाल्याने कडी वाजवली. ते उठले नाहीत.

सव्वापाचला मालिनी दचकून उठून बसली. केस विस्कटलेले, गालावर उशीच्या अभ्र्याची घडी उमटलेली. क्षणभर तिला आपण कुठे आहोत हेच उमगेना.

“अगं बाई, किती वाजले? चहा राहिला! मला हाक नाही का मारायची?”

“हाक मारण्याइतकी तू लांब नव्हतीस,” चिंतामणराव म्हणाले.